परगावच्या मुलाने जेवायचे कोठे? पुणे, कोल्हापूर आणि वसतिगृहांचा इतिहास

१/ पुणे बरे की कोल्हापूर? मुलाचे शिक्षण, बदली किंवा निवृत्ती यांपैकी कोणताही विषय निघाला, की पश्चिम महाराष्ट्रातील घरांत ही तुलना ठरलेली असते. दोन्ही शहरे सधन, दोहोंची हवा सुखाची. मग बोलणे घरभाड्यावर येते, खानावळीवर येते आणि शेवटी माणसांवर येते. एकीकडे पुणेरी पाटी, दुसरीकडे जेवल्याखेरीज पाहुण्याला उठू न देणारा कोल्हापुरी आग्रह.

२/ या तुलनेचे एक जुने रूप सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या जीवनात सापडते. त्या काळी परगावाहून शिकायला येणाऱ्या मुलापुढे फीच्या आधी दोन प्रश्न उभे राहत : रात्री पथारी कोठे टाकायची आणि दुपारी पान कोठे मांडले जाईल? शहर स्वस्त की महाग, आपुलकीचे की कोरडे, हे याच दोन उत्तरांवर ठरत असे.

३/ पुण्यापासून आरंभ करू. पेशवाईत वेदपाठशाळांचे आणि पुढे इंग्रजी विद्येचे केंद्र झालेल्या या शहरात गरीब विद्यार्थ्यासाठी दोन रूढ वाटा होत्या. पहिली म्हणजे वार लावणे. सात दिवसांसाठी सात घरे ठरत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे असे आठवडाभराचे जेवण जमे. दुसरी वाट माधुकरीची. दुपारी झोळी घेऊन काही घरी जायचे आणि मिळालेल्या शिजवलेल्या अन्नावर दिवस काढायचा.

४/ या प्रथेमागे खरा दयाभाव होता, हे नाकारता येत नाही. स्वतःच्या घरात ओढाताण असतानाही परक्या मुलासाठी पान वाढणारी कुटुंबे पुण्यात होती. वार लावून शिकलेली कित्येक मुले पुढे वकील, शिक्षक, संपादक झाली. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, याच परंपरेचे संस्थारूप होय.

५/ मात्र या दयाभावाला एक उंबरठा होता. वार आणि माधुकरी ही ब्राह्मण घरांतून ब्राह्मण मुलांना मिळणारी सोय होती. कुणबी, धनगर, मुसलमान किंवा महार मुलाला त्या ओसरीवर पान मिळणे शक्य नव्हते. खानावळीतही पंगत जातीनुसारच बसे. घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारी.

६/ याचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. एकाच शहरात, एकाच वर्गात बसणाऱ्या दोन गरीब मुलांचा राहण्याचा खर्च वेगवेगळा होता. एकाचे जेवण जवळजवळ फुकट होत असे. दुसऱ्याला तेच जेवण पैसे मोजूनही मिळण्याची शाश्वती नव्हती. शहराची स्वस्ताई आणि शहराचे आदरातिथ्य या दोन्ही गोष्टी जातीच्या दाराआड होत्या.

७/ पुण्यातच या दाराला धक्का देणारे लोकही होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पण एका घराचा हौद खुला होणे आणि शेकडो मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होणे, यांत अंतर होते. ते अंतर भरून काढण्यास सत्ता आणि खजिना हवा होता.

८/ आता कोल्हापूर. येथेही आरंभी निराळे काही नव्हते. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, तेव्हा दरबारातील वरिष्ठ जागांवर आणि शाळा-कॉलेजांच्या बाकांवर एकाच वर्गाचे प्राबल्य होते. राजाराम कॉलेज उभे होते, १८९१ मध्ये आगगाडीही आली होती. पण खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला त्या कॉलेजपर्यंत पोहोचता येत नव्हते.

९/ शहर समृद्ध करण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवण्यात आली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. १८९६-९७ च्या दुष्काळात दरबाराने बाहेरून धान्य आणवून ते स्वस्त दराने विकण्याची दुकाने उघडली. १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. पुढे भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. ऊस, गूळ आणि पाणी यांवर कोल्हापूरची आजची सधनता उभी आहे.

१०/ समृद्धी आली म्हणून दारे आपोआप उघडत नाहीत, याचा अनुभव याच काळात आला. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह सुरू झाले. कागदावर ते सर्वांचे होते. काही वर्षांतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. नियम खुला होता; स्वयंपाकघर आणि पंगत मात्र बंद होती.

११/ १८९९ मध्ये पांडुरंग चिमाजी पाटील हा मराठा विद्यार्थी मॅट्रिक झाला. शेतकरी समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे तेव्हा अपूर्वाईचे होते. पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरात राहण्या-जेवणाची त्याची अडचण महाराजांना समजली. एका हुशार मुलाची वाट बुद्धीअभावी अडत नसून पथारी आणि ताट यांअभावी अडते, हे त्या प्रसंगाने समोर आले.

१२/ १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाउस सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग उभे राहिले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग झाले. मुस्लिम पुढाऱ्यांचा आरंभीचा निरुत्साह पाहून त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये शिंपी समाजाचे नामदेव बोर्डिंग. पुढे दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य अशी यादी वाढतच गेली.

१३/ यामागील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. दरबार जागा देई, इमारतीला मदत करी आणि वार्षिक अनुदान ठरवून देई. काही वसतिगृहांना शेतजमिनींचे उत्पन्न जोडून देण्यात आले. उरलेला भार त्या त्या समाजाने वर्गणीतून उचलायचा, अशी अपेक्षा असे. त्यामुळे वसतिगृह राजाच्या मर्जीवर टांगलेले राहत नसे आणि समाजालाही ते आपले वाटे.

१४/ वार आणि बोर्डिंग यांतील भेद येथे दिसतो. वार लावणाऱ्या मुलाचे जेवण यजमानाच्या मनःस्थितीवर अवलंबून असे. घरात आजारपण आले, सोयर-सुतक आले की त्या दिवसाचे पान गेले. बोर्डिंगमधील ताट मुलाच्या हक्काचे होते. त्यासाठी कोणाच्या ओसरीवर उभे राहावे लागत नसे, कोणाचे उपकार मानावे लागत नसत.

१५/ १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले : मिस क्लार्क बोर्डिंग. गव्हर्नरच्या घराण्याचे नाव असलेल्या संस्थेला उघड विरोध करणे कोणालाही अवघड होते. नावामागचा हेतू काहीही असो, परिणाम तोच झाला.

१६/ तरीही या कथेतील सर्वांत बोचरा प्रसंग याच वसतिगृहाशी जोडलेला आहे. कुंभोज येथे जन्मलेला भाऊराव पाटील हा तरुण जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटन समारंभाला तो गेला. परतल्यावर, विटाळ झाला म्हणून आंघोळ करण्याची आज्ञा त्याला झाली. त्याने ती नाकारली. जैन बोर्डिंगमधून त्याला काढून टाकण्यात आले.

१७/ स्वतःच्या जातीने दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये म्हणून जे छप्पर बांधले गेले, त्याच छपराखाली तिसऱ्यासाठी दार बंद झाले. जातवार वसतिगृहांवर तेव्हापासून घेतला जाणारा आक्षेप हाच आहे : त्यांनी गरीब मुलांचा खर्च भागवला, पण जातीच्या भिंती तशाच ठेवल्या. त्यावर उत्तरही आहे. १८९६ चे खुले वसतिगृह फसले होते. सहभोजनाची तयारी समाजात होईपर्यंत मुलांनी उपाशी राहावे काय?

१८/ दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि शाहू महाराजांची पुढील पावले दोन्हींची जाणीव दाखवतात. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला होताच. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, धर्मशाळा, सार्वजनिक पाणवठे येथे अस्पृश्यता पाळण्यास बंदी करणारे हुकूम निघाले.

१९/ हुकुमापेक्षा कोल्हापूरच्या स्मरणात अधिक राहिला तो गंगाराम कांबळे यांचा चहा. पागेतील या नोकराला पाण्याला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर उभी करवून चहा मागवू लागले. सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे.

२०/ चहाच्या त्या कपाची किंमत क्षुल्लक होती. पण कोल्हापुरी आदरातिथ्याचा गौरव करताना हा प्रसंग विसरता येत नाही. ज्या शहरात पाहुण्याला आग्रहाने वाढण्याची रीत जुनी, त्याच शहरात एका माणसाच्या हातचा चहा पिण्यासाठी राजाला रस्त्यावर थांबावे लागले. जिव्हाळा कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न पुण्याइतकाच कोल्हापुरालाही लागू होता.

२१/ भाऊराव पाटलांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. महार, मराठा, जैन, मुसलमान मुले एकाच चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत जेवू लागली. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेरीस मंगळसूत्रही मोडले.

२२/ त्या वसतिगृहाला नाव दिले होते : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते हा नामकरण समारंभ झाला. जैन बोर्डिंगमधून बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याने वसतिगृहाची कल्पना टाकून दिली नाही. तिच्यातील भिंत तेवढी काढली. १९२२ मध्ये दिवंगत झालेल्या महाराजांच्या कार्याची ही पुढची पायरी होती.

२३/ एवढे असूनही माणसांनी कोल्हापूर सोडले नाही असे नाही. १९२९ मध्ये येथे स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली. बोर्डिंगमध्ये शिकलेली कित्येक मुलेही पुणे-मुंबईस स्थिरावली. भांडवल, बाजार आणि वरच्या जागा जेथे असतात तेथे माणसे जातात. स्वस्त ताट आणि गोड शब्द त्यांना कायमचे धरून ठेवू शकत नाहीत. मोठ्या शहराच्या महागाईत संधीची किंमतही मिसळलेली असते.

२४/ पांडुरंग चिमाजी पाटील पुढे शेती खात्यात उच्च पदापर्यंत पोहोचले. उत्तरायुष्यात त्यांनी कोल्हापूरच्या आर्थिक साधनसंपत्तीची पाहणी करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न एकेकाळी शहराला सोडवता येत नव्हता, त्याच्याच हातून त्या शहराच्या संपत्तीचा हिशेब मांडला गेला.

२५/ आज दसरा चौकात उभे राहिले, तर शाहू महाराजांचा पुतळा आणि परिसरातील बोर्डिंगांच्या वास्तू एका फेरीत पाहून होतात. पुणे-कोल्हापूरची तुलना करणाऱ्याने भाड्याचे आकडे जरूर पाहावेत. त्यासोबत आणखी एक गोष्ट विचारावी : खोली दाखवण्याआधी घरमालक काय विचारतो? भाडे परवडते का, हे विचारतो की आडनाव? दोन्ही शहरांची खरी परीक्षा अजून त्या प्रश्नातच आहे.