डिरेक्टरीत आहे, पण डोंगरावर आहे का?

संशोधनाला सुरुवात करताना आपल्या डोक्यात एक सोपं चित्र असतं. जुने कागद शोधायचे, नोंदी मोजायच्या, तक्ता करायचा, आलेख काढायचा आणि निष्कर्ष लिहायचा. माझ्याही डोक्यात हेच होतं. ते चित्र मोडलं एका खिशात मावणाऱ्या पुस्तकामुळे. हे पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या हॅम रेडिओवाल्यांची रिपीटर डिरेक्टरी. त्यावर काम करताना मी जी चूक करणार होतो, ती तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

आधी रिपीटर म्हणजे काय ते बघू. हातात धरायच्या रेडिओ संचाची ताकद साधारण पाच वॅट. मध्ये टेकडी आली की आवाज अडला. मग हौशी मंडळी एकत्र येऊन डोंगरावर किंवा उंच इमारतीवर एक यंत्र बसवतात. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच बोलणं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीनं पुन्हा सोडतं. अमेरिकेत दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्यात या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर बहुतेक वेळा ६०० किलोहर्ट्झ असतं. उदाहरणार्थ, १४६.३४ वर ऐकायचं आणि १४६.९४ वर बोलायचं. ही जोडी एके काळी इतकी प्रसिद्ध होती की लोक तिला नुसतं ‘चौतीस-चौऱ्याण्णव’ म्हणत.

आता प्रश्न असा, की यासाठी डिरेक्टरी कशाला लागली? याचं उत्तर त्या काळातल्या संचांत आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी संचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, टॅक्सी, पोलीस वगैरेंच्या रेडिओसाठी अरुंद चॅनेल सक्तीचे केले. त्यामुळे जुने एफएम संच स्वस्तात बाजारात आले आणि हौशी लोकांनी ते उचलले. पण या संचांत प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्रिस्टल बसवावा लागे. तो मागवायचा, पैसे मोजायचे, पोस्टानं येण्याची वाट बघायची. म्हणजे गाडीनं दुसऱ्या राज्यात जायचं असेल, तर तिथला रिपीटर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे निघायच्या कितीतरी आधी माहीत हवं. नाहीतर तिथे पोचल्यावर संच मुका!

सुरुवातीला ही माहिती क्लबांच्या पत्रकांतून आणि ‘सेव्हन्टीथ्री’सारख्या मासिकांतून मिळे. मग १९७० च्या दशकात अमेरिकन रेडिओ रिले लीग या १९१४ साली स्थापन झालेल्या संस्थेची वेगळी डिरेक्टरी आली. राज्य, गाव, फ्रिक्वेन्सी, अधिक की उणे, कॉलसाइन आणि शेजारी बारीक खुणा अशी तिची मांडणी. रिपीटर सगळ्यांना खुला की फक्त सभासदांना, वीज गेली तर चालतो की नाही, त्यावरून टेलिफोन लावता येतो की नाही, हे त्या खुणांवरून कळे. गाडीतून फोन लावणं ही मोबाइलच्या आधीच्या काळात किती मोठी गोष्ट असेल, विचार करा.

मी ठरवलं, दरवर्षीच्या आवृत्तीतल्या नोंदी मोजू, राज्यवार आलेख काढू आणि खाली लिहू: ‘रिपीटरांची वाढ’. आलेख छान आला. मार्गदर्शक मॅडमनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, “डिरेक्टरीत असणं आणि डोंगरावर असणं, हे एकच आहे का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मी ते शोधत होतो. तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, कागदी रिपीटर. शहरांभोवती फ्रिक्वेन्सीच्या जोड्या लवकर संपल्या. कुणी कुठली जोडी वापरायची हे ठरवायला स्थानिक समन्वयक पुढे आले. हे बहुतेक स्वयंसेवक. पुढे १९८० च्या दशकात एफसीसीनं या व्यवस्थेला नियमात जागा दिली: दोन रिपीटर एकमेकांना त्रास देत असतील, तर तो सोडवण्याची मुख्य जबाबदारी समन्वय न घेतलेल्यावर. साहजिकच मिळालेली जोडी कुणी सहज सोडेना. यंत्र बंद पडलं, कधी बसवलंच नाही, तरी नाव यादीत राही. उलट बाजूही आहे. काही खाजगी गट आपला रिपीटर छापूच देत नसत. म्हणजे यादीत जे आहे ते सगळं नव्हतं आणि जे होतं ते सगळं यादीत नाही.

दुसरी, ठिकाण. नोंदीत बहुधा गावाचं नाव असतं. पण यंत्र गावात असतं कुठे? ते दूरच्या डोंगरावर, नोंद मात्र ज्या गावाला त्याचा उपयोग त्या गावाच्या नावावर. मी गावांवर टिंबं देऊन नकाशा केला होता. तो रिपीटरांचा नकाशाच नव्हता, ते कुणासाठी आहेत त्याचा होता! सरकारी कागदांचाही आधार मर्यादित आहे. १९७२ च्या नियमांनी रिपीटरला वेगळा परवाना आणि ‘डब्ल्यूआर’नं सुरू होणारी कॉलसाइन दिली. अर्जात जागेचा तांत्रिक तपशील द्यावा लागे. ही पद्धत त्याच दशकात बंद झाली. त्यानंतर रिपीटर माणसाच्या किंवा क्लबच्या साध्या परवान्यावर चालू लागला आणि त्या परवान्यावर पत्ता असतो तो पत्रव्यवहाराचा, डोंगराचा नव्हे.

तिसरी, बदलणारे रकाने. गर्दी वाढली तसं, रिपीटर उघडायला बोलण्याखाली एक ऐकू न येणारा खालचा सूर पाठवणं गरजेचं होऊ लागलं. याला टोन म्हणतात. मग यादीतही टोनची माहिती वाढली. मी फक्त नोंदी मोजत बसलो होतो, तेव्हा रकाने मला गर्दीचा इतिहास सांगत होते.

मग मी काय केलं? एकच नोंद लागोपाठच्या आवृत्त्यांत ताडून बघितली. वर्षानुवर्षं अक्षरही न बदललेल्या नोंदीवर संशयाची खूण केली. क्लबांची पत्रकं वाचली. तिथे ‘अँटेना वादळात पडली, वर्गणी द्या’ असं सापडलं की मला आनंद व्हायचा, कारण मोडलेला रिपीटर हा खरोखर असलेला रिपीटर असतो. ‘सेव्हन्टीथ्री’चे १९६० ते २००३ पर्यंतचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात, त्यांचाही उपयोग झाला.

तुम्ही म्हणाल, आता तर सगळं ऑनलाइन आहे. खरं आहे. ‘आरफाइंडर’वर वापरणारेच माहिती दुरुस्त करतात आणि २०१७ पासून लीगची छापील डिरेक्टरीही त्याच माहितीवर निघू लागली. प्रवाशासाठी हे उत्तमच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक मेख आहे. ऑनलाइन यादी दुरुस्त झाली की जुनी नोंद पुसली जाते. छापील डिरेक्टरी आपल्या चुका तारखेसकट जपून ठेवते. चुकीची पण तारीख असलेली नोंद आपल्याला पुष्कळ काही सांगते.

तुमचा विषय वेगळा असेल. एसटीचं जुनं वेळापत्रक असेल, टेलिफोन डिरेक्टरी असेल, एखाद्या संस्थेची सभासद-यादी असेल. मोजायला बसण्याआधी चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. ही यादी कुणी केली? कुणासाठी केली? नाव घालणं सोपं होतं की काढणं? आणि यादीबाहेर राहण्यात कुणाचा फायदा होता?

माझा आलेख प्रबंधात अजून आहे. फक्त त्याखालचं शीर्षक ‘रिपीटरांची वाढ’ असं नाही. तिथे आता ‘नोंदलेल्या रिपीटरांची वाढ’ असं आहे. त्या एका शब्दासाठी अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि ते बरंच झालं.