सावंतवाडीच्या गंजिफा

पत्त्यांचा डाव म्हटला म्हणजे बावन्न चौकोनी पानांचा जोड डोळ्यांपुढें उभा राहतो. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हीं नांवें मराठी घरांत इतकीं रुळलीं आहेत कीं, त्यांतलीं कांहीं परकीं आहेत हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. परंतु हे छापील पत्ते येण्यापूर्वीं ह्या देशांत जे पत्ते खेळले जात, ते वाटोळे असत आणि त्यांतील प्रत्येक पान हातानें रंगविलेलें असे. त्यांना गंजिफा म्हणत.

हा खेळ इराणाकडून हिंदुस्थानांत आला. बाबरानें १५२७ सालीं सिंधमधील शहा हसन याच्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें अबुल फजल यानें ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत ह्या खेळाचें सविस्तर वर्णन केलें. मोंगली गंजिफांत आठ रंग व शहाण्णव पानें असत. हिंदु घरांत हा खेळ शिरला तेव्हां त्यानें वेष पालटला. बादशहा व वजीर जाऊन त्यांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार आले. प्रत्येक अवताराचा एक रंग. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. अशीं एकंदर एकशें वीस पानें झालीं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवें, परशुरामाच्या पानांवर परशु. ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाहि पान ओळखतां यावें, अशी ही योजना होती.

खेळणारे तिघे. प्रत्येकाच्या वांट्याला चाळीस पानें येत. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें उतारी करावयाची; दिवे लागल्यावर तो मान कृष्णाच्या राजाकडे जाई. पांच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पांचांत एक्का मोठा. कोणतें पान पडून गेलें व कोणतें अद्याप बाहेर आहे, हें सारें ध्यानांत ठेवावें लागे. दैवापेक्षां स्मरणशक्तीवर जय अवलंबून असे, म्हणूनच शहाण्यासुरत्या माणसांनींहि ह्या खेळांत रात्री घालविल्या.

हीं पानें जेथें घडत त्यांपैकीं कोंकणांतील सावंतवाडी हें एक नामांकित ठिकाण. तेथील चितारी घराण्यांचा लाखेच्या रंगकामांत हातखंडा. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवावयाचे, ते वाळले म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप द्यावयाचा, दगडानें घोटून गुळगुळीत करावयाचे, मग वाटोळीं पानें कापावयाचीं. त्यानंतर कुंचला. शेवटीं लाखेचें रोगण, म्हणजे हाताच्या घामानें रंग बिघडत नाहीं. सोनेरी काम व नक्षीदार कडा असलेल्या महाग जोडास ‘दरबारी कलम’ म्हणत. साध्या, स्वस्त जोडास ‘बाजार कलम’. परंतु जोड दरबारी असो वा बाजारी, एका बाबतींत कारागिराची परीक्षा सारखीच होती. एकशें वीसहि पानांची पाठ तंतोतंत एकसारखी यावी लागे. एखाद्या पानावर रंगाचा एक जास्त फटकारा पडला, तर तें पान पाठीवरून ओळखूं येई आणि सारा जोड खेळास निकामी होई.

विलायती छापील पत्ते स्वस्त मिळूं लागले आणि हा धंदा बसला. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन झालें, तेव्हां दरबाराचा आश्रयहि गेला. पुढील दशकांत गंजिफा रंगविणारा हात जवळजवळ उरला नव्हता. अशा वेळीं राजेसाहेब शिवरामराजे भोंसले यांनीं केवळ आश्रय देऊन समाधान मानलें नाहीं. ते स्वतः ही कला शिकले. राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं हातीं कुंचला घेतला. १९७१ च्या सुमारास ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था निघाली आणि राजवाड्याच्या दरबारांत तरुण कारागीर बसून पानें रंगवूं लागले.

ह्या हकीकतीशीं जुळणारी दुसरी एक हकीकत दूर जपानांत घडली आहे. जपानी बुद्धिबळास शोगी म्हणतात. त्याचीं चाळीस मोहरीं म्हणजे पांच कोनांचे लहान लांकडी तुकडे. त्यांवर रोगणानें अक्षरें लिहितात किंवा अक्षरें कोरून त्यांत रोगण भरतात. दोन्ही पक्षांचा रंग एकच, कारण शत्रूचें मारलेलें मोहरें आपलें म्हणून पुन्हां पटावर उतरवितां येतें. यामागाता प्रांतांतील तेंदो ह्या गांवीं एकोणिसाव्या शतकांत ओदा घराण्याचें लहानसें संस्थान होतें. तिजोरी रिती, सामुराई कर्जांत बुडालेले. तेथील कारभारी योशिदा दाइहाची यानें त्यांना मोहरीं करण्याचा जोडधंदा लावून दिला. तलवार धरणाऱ्यानें असलें काम करावें काय, असा आक्षेप निघाला. शोगी ही युद्धशास्त्राचीच विद्या आहे, तिचीं मोहरीं करण्यांत सामुराईला कमीपणा नाहीं, असें त्यानें उत्तर दिलें. १८६८ च्या यादवींत योशिदाचा अंत झाला, परंतु धंदा टिकला. जपानांतील बहुतेक मोहरीं आजहि तेंदोंतच तयार होतात, आणि १९९६ सालीं तेथील सरकारनें त्यांना पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली.

दोन्हीकडे रोगण आहे, कुंचला आहे, आणि हातकाम हलकें न मानणारी थोर माणसें आहेत. तरीहि दोघींचें भवितव्य एक झालें नाहीं. तेंदोचें मोहरें घेणारा तें पटावर मांडतो. सावंतवाडीचा जोड घेणारा बहुधा तो कांचेच्या कपाटांत ठेवतो. शोगी घरोघर खेळली जाते, गंजिफांचे नियम जाणणारे विरळा. राजानें कुंचला उचलला म्हणून पानें वांचलीं. पण पान हें खेळण्यासाठीं असतें. ज्याच्या पाठीकडे कोणी संशयानें पाहत नाहीं, त्या पानाची पाठ एकसारखी राखण्याचा ध्यास कारागिरानें किती दिवस धरावा? राजवाड्यानें आपलें काम केलें आहे. दिवे लागल्यावर कृष्णाच्या राजानें उतारी करण्याचें काम मात्र घरांचें आहे.