खासगी रॉकेट उडतं तेव्हा लोक टाळ्या का वाजवतात?

25 जून 2025. भारतात दुपारचे 12 वाजून 1 मिनिट झालं होतं, अमेरिकेत फ्लोरिडात रात्रीचे अडीच. केनेडी स्पेस सेंटरवरून फाल्कन-9 रॉकेट झेपावलं आणि त्यात बसलेले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अंतराळात निघाले. 1984 मध्ये राकेश शर्मा गेले होते, त्यानंतर तब्बल 41 वर्षांनी एक भारतीय अंतराळात जात होता. लखनऊला त्यांच्या शाळेत आई-वडील आणि विद्यार्थी मोठ्या पडद्यासमोर बसले होते. आपल्याकडेही घराघरात मोबाईलवर हे दृश्य बघितलं गेलं.

पण मुलांनी एक प्रश्न हमखास विचारला असेल: "अब्बा, हे रॉकेट इस्रोचं आहे का?" नाही. ते नासाचंही नव्हतं. रॉकेट आणि यान स्पेसएक्स या खासगी कंपनीचं, आणि मोहीम ॲक्सियम स्पेस या दुसऱ्या खासगी कंपनीची. याच कंपनीच्या 2023 च्या मोहिमेत रय्याना बर्नावी गेल्या आणि अंतराळात जाणाऱ्या पहिल्या सौदी महिला ठरल्या.

एखाद्या कंपनीच्या मालवाहतुकीसाठी लोक रात्र जागवतात, असं दुसरीकडे कुठे दिसत नाही. मग रॉकेटच्या बाबतीतच असं का होतं?

खासगी रॉकेट म्हणजे काय?

पूर्वीही रॉकेटचे भाग खासगी कारखान्यांतच बनत. पण आराखडा सरकारचा, मालकी सरकारची, आणि उड्डाणाचा निर्णयही सरकारचाच असे. आता कंपनी स्वतः रॉकेट बनवते, स्वतः उडवते आणि उपग्रह किंवा माणसं वर नेण्याचं भाडं घेते. सरकार तिथे गिऱ्हाईक असतं. उड्डाणाचा परवाना मात्र सरकारकडूनच घ्यावा लागतो.

स्पेसएक्स 2002 मध्ये सुरू झाली. तिच्या फाल्कन-1 रॉकेटची पहिली तीन उड्डाणं फसली. 28 सप्टेंबर 2008 रोजी चौथं यशस्वी झालं. खासगीरीत्या बनवलेलं, द्रवइंधनावर चालणारं रॉकेट कक्षेत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. आज चित्र पार बदललंय. 2024 या एका वर्षात या कंपनीच्या फाल्कन रॉकेटांनी 130 हून जास्त उड्डाणं केली.

गर्दी जुनीच, कारण नवं

रॉकेट बघायला गर्दी होणं नवीन नाही. 16 जुलै 1969 ला अपोलो-11 निघालं तेव्हा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आणि रस्त्यांवर सुमारे दहा लाख लोक जमले होते. पण तो राष्ट्राचा मान होता. रशियाशी शर्यत होती.

खासगी रॉकेटांनी लोकांना वेगळं काही दिलं. पहिली गोष्ट, रॉकेट परत येतं. डिसेंबर 2015 मध्ये फाल्कन-9 चा पहिला टप्पा उपग्रह सोडण्याचं काम करून फ्लोरिडात जमिनीवर सरळ उभा उतरला. 2017 पासून वापरलेला टप्पा पुन्हा उडू लागला. 13 ऑक्टोबर 2024 ला तर टेक्सासमध्ये स्टारशिपचा महाकाय बूस्टर परत आला आणि मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतच पकडलं. हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. लहान पोरही बघून ओरडतं.

दुसरी गोष्ट, सगळं डोळ्यांसमोर घडतं. रॉकेटवरच कॅमेरे लावलेले असतात, उलटी मोजणी थेट दिसते. 6 फेब्रुवारी 2018 ला फाल्कन हेवी उडालं, तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक एकाच वेळी यूट्यूबवर होते. त्या रॉकेटमधून एक मोटारगाडी अंतराळात सोडली होती. तो जाहिरातीचाच प्रकार होता, हे विसरू नये. पण त्याच दिवशी दोन बूस्टर शेजारी-शेजारी जवळपास एकदमच उतरले, आणि ते बघून पाहणारे थक्क झाले.

तिसरी गोष्ट, अपयशही लपत नाही. 20 एप्रिल 2023 ला पहिलं पूर्ण स्टारशिप सुमारे चार मिनिटांत आकाशात फुटलं. तरी कंपनीचे कर्मचारी टाळ्या वाजवत होते, कारण रॉकेट तळावरून उठलं हेच त्यांच्यासाठी मोठं होतं. पडून पुन्हा उभं राहणाऱ्याच्या बाजूने माणसाचं मन आपोआप जातं.

पैसा कोणाचा?

इथे जरा थांबून बघायला हवं. खासगी म्हटलं की वाटतं, सगळा पैसा मालकाच्या खिशातला. तसं नाही. डिसेंबर 2008 मध्ये नासाने स्पेसएक्सला अंतराळस्थानकात सामान पोहोचवण्याचं 1.6 अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं आणि अडचणीत आलेली कंपनी तगली. 2014 मध्ये माणसं नेण्यासाठी आणखी 2.6 अब्ज डॉलर मिळाले. हा करदात्यांचा पैसा. शुक्ला यांच्या मोहिमेसाठी भारत सरकारने केलेला खर्च सुमारे 550 कोटी रुपये असल्याचं सांगितलं जातं.

याचा अर्थ पैसा वाया गेला असा नाही. पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटमुळे वर जाण्याचा खर्च कमी झाला, हे खरं. पण यशाचं श्रेय एकाच श्रीमंत माणसाला देताना हा हिशेब लक्षात असावा.

धोका कोणाच्या वाट्याला?

2023 च्या त्या स्फोटाआधी, उड्डाणाच्या जोरानेच तळाखालचं काँक्रीट उखडलं होतं. धूळ आणि वाळू काही किलोमीटर दूरच्या पोर्ट इझाबेल गावावर पडली. टेक्सासच्या बोका चिका किनाऱ्यावर पूर्वी स्थानिक कुटुंबं मासेमारीला, फिरायला कधीही जात. आता चाचण्यांच्या वेळी रस्ता आणि किनारा दोन्ही बंद होतात. जवळच्या साऊथ पाद्रे बेटावर मात्र त्याच दिवशी पर्यटकांची झुंबड असते. एकाच रॉकेटमुळे कुणाचं हॉटेल भरतं आणि कुणाचा किनारा बंद होतो. 16 जानेवारी 2025 ला स्टारशिपचे तुकडे टर्क्स अँड केकॉस बेटांवर पडले, विमानांना मार्ग बदलावे लागले.

हे काही फक्त परक्या देशातलं दुखणं नाही. 2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ आठवा. पाडवा होता आणि रमजानच्या चाँदसाठी लोक आकाशाकडे बघत होते. रात्र पडता पडता महाराष्ट्राच्या आकाशातून आगीची रेघ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं लोखंडी कडं पडलं. जाणकारांच्या मते ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. ते रॉकेट सरकारी होतं. पण उड्डाणं वाढतील तसा हा प्रश्न खासगी कंपन्यांनाही विचारावाच लागेल. नशिबाने कुणाला इजा झाली नाही.

आपल्या देशात काय चाललंय?

2020 मध्ये भारताने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आणि परवानगी व देखरेखीसाठी 'इन-स्पेस' ही संस्था उभी केली. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस 18 नोव्हेंबर 2022 ला श्रीहरिकोट्याहून उडालं आणि सुमारे 89 किलोमीटर उंचीवर गेलं. देशातलं ते पहिलं खासगी रॉकेट. 30 मे 2024 ला चेन्नईच्या अग्निकुलचं रॉकेट उडालं. त्याचं इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने एकसंध बनवलेलं होतं. ही दोन्ही उड्डाणं चाचणीची होती, कक्षेत जाणारी नव्हती. पण या कंपन्यांत वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर अशी सगळी कामं लागतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या क्षेत्रावर नजर ठेवायला हरकत नाही.

मुलांसोबत बघताना

श्रीहरिकोट्यात 2019 पासून सामान्य लोकांसाठी प्रेक्षक गॅलरी आहे. इस्रोच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवावं लागतं. जवळचं रेल्वे स्टेशन सुल्लूरपेटा. जाताना एक दिवस हाताशी जादा ठेवा. हवामान किंवा छोटीशी गळतीही उड्डाण पुढे ढकलते. शुक्लांचं उड्डाण तर अनेकदा पुढे गेलं होतं.

रॉकेट आधी दिसतं, आवाज मागून येतो. दहा किलोमीटरवर उभे असाल तर आवाज सुमारे अर्ध्या मिनिटाने पोहोचतो. मुलांना सेकंद मोजायला सांगा, ध्वनीच्या वेगाचा धडा तिथेच होऊन जाईल.

घरी बघत असाल तर टाळ्या वाजवून झाल्यावर तीन प्रश्न मुलांना जरूर विचारा. रॉकेट कोणाचं? पैसा कोणाचा? आणि ते पडलं तर कोणाच्या दारात पडेल? मुलांचं कौतुक त्याने कमी होणार नाही, उलट पुढच्या वेळी ती जास्त लक्ष देऊन बघतील.