हेरमालिकांचा उतारकाळ

हेरकथा उलट्या बाजूने विणली जाते. खून कोणी केला, कशाने केला आणि का केला, हे ज्यास आधी ठाऊक आहे त्यासच पहिल्या पानावर चहाचा पेला कोठे ठेवावा व खिडकी उघडी ठेवावी की लावून घ्यावी, हे ठरविता येते. इतर कादंबरीकार आपल्या पात्रांबरोबर वाट चुकला तरी त्यास कोणी फारसा बोल लावीत नाही. पुष्कळदा त्या भटकण्यातच त्याचे यश असते. हेरकथाकारास ही मुभा नाही. त्याने शेवटापासून निघावे व आरंभाकडे यावे, हाच या कलेचा पहिला नियम होय.

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा नियम याच्या नेमका उलट आहे. जाहिराती मिळत आहेत तोवर तिने चालावे, प्रेक्षक पांगू लागले की थांबावे, आणि तो थांबण्याचा दिवस लिहिणाऱ्याने नव्हे तर वाहिनीच्या कचेरीने मुक्रर करावा, असा हा व्यवहार आहे. शेवट आधी ठाऊक असल्यावाचून जी कथा रचताच येत नाही, ती अशा बिनमुक्कामाच्या गाडीत बसविली की आज ना उद्या तंटा उत्पन्न व्हावयाचाच. हेरमालिका शेवटच्या पर्वांत का बिघडतात, याचे मूळ आमच्या मते येथे आहे.

लोक इतर कारणे सांगतात ती आम्हांस पुरेशी वाटत नाहीत. नट म्हातारे होतात म्हणावे, तर डेव्हिड सूशे याने १९८९ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, पॉयरोची भूमिका वठविली, आणि त्या मालिकेचा शेवटचा भाग आम्ही तरी तिच्या उत्तम भागांत गणतो. गुन्ह्यांचे विषय संपतात म्हणावे, तर सकाळचे वर्तमानपत्र ते म्हणणे रोज खोटे पाडते. पॉयरो शेवटपर्यंत सावरला याचे कारण निराळेच आहे. अगाथा ख्रिस्ती हिने त्याच्या अखेरची कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लेखणी भरात असतानाच, लिहून कुलपात ठेवून दिली होती. ती प्रसिद्ध झाली १९७५ साली. मधली तीसेक वर्षे पॉयरो वावरला तो आपला शेवट गाठीस बांधूनच. मालिका करणाऱ्यांस तो आयता मिळाला.

हा प्रश्न आमच्या मराठवाड्यास परका नाही. नांदेडहून नागपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, केळीच्या बागांबद्दल नावाजलेले अर्धापूर घ्या. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या पिढीस इब्ने सफीच्या ‘जासूसी दुनिये’चे दार मोकळे होते, मराठी वाचणारांस बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड भेटत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. विद्वानांनी त्यांकडे पाहून नाक मुरडले, तो भाग वेगळा; ज्या घरांत दुसरे पुस्तक शिरत नव्हते तेथे ती शिरली, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. ती एकमेकांसारखी होत गेली खरी, पण हातातले पुस्तक शेवटच्या पानावर मिटे. वाचकाकडे उधारी राहत नसे.

१९९८ साली ‘सी.आय.डी.’ आली. २१ जानेवारीस सोनी वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखविला गेला. बी. पी. सिंग हे तिचे कर्ते. त्यांनी पूर्वी दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलिसमालिका केली होती, व तीतील शिवाजी साटम हेच येथे ए.सी.पी. प्रद्युम्न झाले. मालिका हिंदी; पण मुंबईचे रस्ते, डॉक्टर साळुंखे हे आडनाव आणि साटमांच्या बोलण्यातील मराठी वळण यांमुळे आमच्या लोकांस ती घरचीच वाटली. आरंभीची प्रकरणे एकाहून अधिक भाग चालत. तपासास वेळ मिळे, संशयितांस घरदार असे, आणि उलगडा झाला की मागल्या आठवड्यात पाहिलेली एखादी क्षुल्लक वस्तू लख्खकन आठवे. २००४ च्या नोव्हेंबरात तर कॅमेरा एकदाही न थांबविता चित्रित केलेला १११ मिनिटांचा एक संपूर्ण भाग दाखविला गेला. त्यास पुष्कळांनी कसरत म्हटले. आम्हांस त्यात कसरतीहून काही अधिक दिसते: कोणते पात्र कोणत्या क्षणी कोणत्या दारातून यावयाचे, हे शेवटापर्यंत आधी ठरल्यावाचून असा भाग होऊच शकत नाही.

पुढे प्रकरणे एकेका भागाची झाली व भागांची संख्या वाढली. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी मालिका थांबली तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. म्हणजे वीस वर्षे नऊ महिन्यांत वर्षास सरासरी पंचाहत्तर, दर पाच दिवसांस एक. शेरलॉक होम्सच्या लहानमोठ्या कथा सगळ्या मिळून साठ, त्याही चाळीस वर्षांत. या वेगाने विणणारास उलट्या बाजूने विणावयास सवड कोठून मिळावी? तेव्हा तपासाची जागा खुणांनी घेतली. प्रद्युम्नांची हवेत फिरणारी बोटे, दयाचे दार फोडणे, साळुंख्यांच्या प्रयोगशाळेत निमिषार्धात निघणारा निष्कर्ष! प्रेक्षकांस या खुणा प्रिय होत्या. आम्हांसही होत्या, हे लपवून काय करावयाचे? कीर्तनकाराची ठरलेली लकब येण्यापूर्वीच श्रोता मान डोलावू लागतो, तशातलाच हा प्रकार. परंतु अर्धापुरातील चहाच्या हॉटेलात बसणारे लोकही पहिल्या दहा मिनिटांत खुनी ओळखू लागले. पोलिसांस जो सर्वांत अधिक मदत करतो तोच खुनी, असा त्यांचा ठोकताळा, आणि तो क्वचितच चुके.

तथापि पुनरुक्तीने मालिका शिळी होते, मरत नाही. खरा उतार त्यापुढे लागतो. प्रकरणांनी प्रेक्षक बांधला जात नाही असे दिसले, की कर्ते हेरालाच प्रकरण बनवितात. त्याचा भूतकाळ, त्याचा जन्मवैरी, त्याचे मरण, हेच रहस्य म्हणून पुढे येते. येथे मूळचा तंटा उघडा पडतो. कारण खुनाचा शेवट ठरवून मग आरंभ लिहिता येतो, पण पंधरा वर्षे लोकांपुढे वावरलेल्या हेराचा आरंभ आता कोण बदलणार?

ही वाट कॉनन डॉइलनेच प्रथम मळविली. होम्सचा कंटाळा आला तेव्हा, १८९३ च्या डिसेंबरात, त्याने मोरिआर्टी नावाचा तोडीस तोड वैरी उभा केला व दोघांस स्वित्झर्लंडातील रायखेनबाखच्या धबधब्यापाशी नेऊन संपविले. तोवर प्रसिद्ध झालेल्या कथांत या मोरिआर्टीचा मागमूस नाही. तो जन्मला तो गुन्ह्याच्या गरजेतून नव्हे, लेखकाच्या सुटकेसाठी. वाचकांनी व प्रकाशकांनी पिच्छा पुरविला आणि १९०३ साली होम्स जिवंत परतला. कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने पुढे डॉइलला ऐकविले की, त्या कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही; आणि डॉइलने हे स्वतःच नमूद करून ठेविले आहे. नावाड्याचे म्हणणे आम्हांस अनेक टीकाकारांच्या ग्रंथांहून मोलाचे वाटते. १९२६ च्या दोन कथांत तर वॉटसनला बाजूस सारून होम्स स्वतःच निवेदन करतो. ज्याच्या डोक्यात काय चालले आहे हे न कळण्यातच मौज, त्यानेच ते सांगत सुटावे! बी.बी.सी.च्या ‘शेरलॉक’ मालिकेनेही २०१७ साली नायकास एक विस्मृत बहीण देऊन याच खड्ड्यात उडी घेतली. तिचे भाग सगळे मिळून तेरा. तेव्हा थकण्यास दीड हजार भाग लागतातच असे नाही.

‘सी.आय.डी.’ २०२४ च्या डिसेंबरात परत आली. २०२५ च्या एप्रिलात प्रद्युम्नांस बॉम्बस्फोटात मारण्यात आले, वाहिनीने श्रद्धांजलीही वाहिली, त्यांच्या जागी नवा अधिकारी आला, आणि काही आठवड्यांतच प्रद्युम्न परतले. होम्सला परत यावयास दहा वर्षे लागली होती! खुनाचा निकाल लागणारच, मेलेला माणूस मेलेलाच असणार, या भरवशावर ज्या मालिकेने वीस वर्षे घराघरांत जागा मिळविली, तिनेच मरण रद्द होण्याजोगे ठरविले. मग पुढल्या भागातील प्रेताकडे प्रेक्षकाने कोणत्या डोळ्यांनी पाहावे?

मराठीत याची उलट बाजूही पाहावयास मिळते. झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू झाली ती कोकणातील नाईकांच्या वाड्यात अण्णा नाईकांच्या मृत्यूने. महिनोगणती संशयावर संशय रचले गेले व उलगडा झाला तेव्हा त्या साऱ्यांचा हिशेब काही लागला नाही, असे आमचे मत आहे. २०१९ चे दुसरे पर्व मात्र मागे गेले: अण्णा जिवंत, शेवंता जिवंत, आणि त्यांचे पुढे काय होणार हे प्रेक्षकांस आधीच ठाऊक. लोकांनी ते डोक्यावर घेतले. रहस्य उणे झाले असता मालिका भारी का झाली, याचे कर्त्यांसही नवल वाटले असेल. पण शेवट हाती असल्याने प्रत्येक प्रसंगास वजन आले. २०२१ च्या तिसऱ्या पर्वाने पुन्हा पुढची वाट धरली, ती भुतांच्या आधाराने. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

ज्यास थांबता आले असा एक हेरकथाकार आमच्या पुण्यातच राहत होता, हे किती मराठी वाचकांस ठाऊक आहे कोण जाणे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली ब्योमकेश बक्षी निर्माण केला, चार-पाच वर्षांत दहा कथा लिहिल्या, आणि लेखणी खाली ठेविली. पुढे ते चित्रपटांच्या कथा लिहावयास मुंबईस आले; १९५२ च्या सुमारास पुण्यास स्थायिक झाले. सुमारे पंधरा वर्षे ब्योमकेशावर त्यांनी अक्षर लिहिले नाही. धबधबा नाही, जन्मवैरी नाही. लिहावेसे वाटले तेव्हा पुन्हा लिहू लागले, आणि ब्योमकेश संसारी, वयस्क, जरा संथ होऊन परतला. १९७० साली लेखकाचे निधन झाले तोवर पूर्ण कथा झाल्या बत्तीस. बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी १९९३ व १९९७ साली ब्योमकेशाची मालिका केली, तिचा आधार याच कथा होत. त्या मर्यादेमुळेच रजित कपूरचा ब्योमकेश पडद्यावर कधी थकलेला दिसला नाही.

तेहेतिसावी कथा, ‘विशुपाल वध’, शरदिंदूंच्या मागे अपुरी राहिली. खुनी कोण हे त्यांस ठाऊक असणारच. कागदावर मात्र ते आले नाही.