जुन्या मारहाण खटल्यांतील अपील व शिक्षा

मारहाणीत दोषी ठरलेल्या आरोपीचे अपील घटनेनंतर वीस-तीस वर्षांनी निकालाला आले, तर शिक्षा किती द्यावी, हा भारतीय फौजदारी न्यायातला जुना पेच. बांधावरून काठ्या-कुऱ्हाडी चालतात, खालचे न्यायालय शिक्षा ठोठावते, तिला स्थगिती मिळून आरोपी जामिनावर सुटतो आणि अपील उच्च न्यायालयात पडून राहते. ते बोर्डावर येईपर्यंत पंचविशीतला आरोपी साठीला टेकलेला असतो, एखादा सहआरोपी वारलेला असतो. न्यायाधीशांपुढे उरतात पिवळे पडलेले जबाब आणि डॉक्टरने तेव्हा लिहून दिलेला इजेचा दाखला: जखम किती लांब-खोल, हाड मोडले की नाही, हत्यार बोथट की धारदार.

कलम बरेचसे या दाखल्यावरच ठरते. भारतीय दंड संहितेत साध्या दुखापतीला (कलम 323) 1 वर्षापर्यंत, गंभीर दुखापतीला (325) 7 वर्षांपर्यंत, तर घातक हत्याराने केलेल्या गंभीर दुखापतीला (326) 10 वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप आहे. जखमीला 20 दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तरी ती दुखापत गंभीर ठरे. भारतीय न्याय संहितेने ही मुदत 15 दिवसांवर आणली. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. मात्र आधीच्या घटनांना जुनाच कायदा लागतो, त्यामुळे 1860 ची संहिता अपिलांत अजून बरीच वर्षे वाचली जाईल.

खटला जलद चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे. तरीही ठरावीक वर्षे उलटली की खटला आपोआप बंद, असा नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने अंतुले प्रकरणात (1992) आणि पुन्हा 2002 मध्ये नकार दिला. म्हणून विलंबाचे वजन बहुधा शिक्षेच्या पारड्यात पडते. वकील आरोपीचे वय, मधल्या काळातले स्वच्छ वर्तन, गावात झालेली तडजोड पुढे करतात आणि भोगलेला कारावास पुरेसा मानावा, अशी विनंती करतात. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटकाही होऊ शकते.

क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांच्या प्रकरणात हा काटा किती हलू शकतो ते दिसले. डिसेंबर 1988 मध्ये पतियाळात रस्त्यावरच्या वादात मार बसलेले 65 वर्षांचे गृहस्थ दगावले. सत्र न्यायालयाने 1999 मध्ये सिद्धूंना निर्दोष सोडले. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी 3 वर्षांची शिक्षा दिली. मे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा साध्या दुखापतीपुरता मानला आणि घटना तीस वर्षे जुनी, पूर्ववैमनस्य नाही, हत्यार नाही, असे म्हणत 1,000 रुपये दंडावर भागवले. मृताच्या कुटुंबाने पुनर्विलोकन मागितले. 19 मे 2022 रोजी त्याच न्यायालयाने 1 वर्षाचा सश्रम कारावास, म्हणजे त्या कलमाखालची कमाल मुदत, सुनावली. धडधाकट क्रिकेटपटूचा हात वृद्धावर पडतो तेव्हा तो हातही हत्यार होऊ शकतो, हे आधी ध्यानात घेतले गेले नव्हते. 2018 च्या निकालापेक्षा हा निकाल न्यायाच्या जवळचा आहे.

उशिरामुळे शिक्षा कमी करताना जखमीला काय मिळाले, हे पाहिलेच पाहिजे. आरोपीच्या सरलेल्या वर्षांची बेरीज निकालपत्रात होते; मोडलेल्या हातानिशी शेती करणाऱ्याची होतेच असे नाही. हरिसिंग विरुद्ध सुखबीरसिंग (1988) या खटल्यात आरोपी परिवीक्षेवर सुटले, पण ज्याची वाचा मारहाणीत कायमची अधू झाली, त्याची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 50,000 रुपयांपर्यंत वाढवली. महाराष्ट्रातून गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात (2013) भरपाईचा विचार करणे आणि ती दिली वा नाकारली, तरी कारणे नोंदवणे हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य ठरवले गेले. पण दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील दाखल झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत देता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357 मधली ही अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम 395 मध्ये, तशीच राहिली आहे.