लोकमत आणि कायद्याचे ज्ञान

गावाच्या रक्षणाचा अधिकार ज्याच्या हाती द्यावयाचा, त्याची निवड कशी व्हावी? जन्माने, हुकुमाने की मतांनी? आपल्याकडे पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या वतनाने चालत आली. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये पोलीस पाटलाची नेमणूक शासनाच्या हुकुमाने होऊ लागली. अमेरिकेने तिसरा मार्ग धरिला. तेथील बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरिफ लोकांच्या मतांनी निवडला जातो. परंतु मते मिळाली म्हणून कायद्याचे ज्ञानही मिळते असे नाही. या उणिवेवर तेथे जे उपाय योजिले गेले, त्यांचा इतिहास आपणांसही उद्‌बोधक वाटेल.

शेरिफ हे पद मूळचे इंग्लंडातले. राजाच्या वतीने वसूल व बंदोबस्त पाहणारा हा अंमलदार. १२१५ साली सरदारांनी जॉन राजाकडून जी सनद करून घेतली, तिच्या पंचेचाळिसाव्या कलमात, ज्यास देशाचा कायदा ठाऊक आहे व जो तो पाळू इच्छितो अशासच शेरिफ नेमावे, अशी अट होती. पुढच्याच वर्षी सनद पुन्हा काढताना ही अट गाळण्यात आली. सत्तेला जाणत्या अंमलदाराची अट किती जाचते, हे यावरून दिसते.

आता अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. कॅलिफोर्नियातील बर्कली गावी १९०५ साली ऑगस्ट व्होल्मर हा टपालवाला मार्शलपदी निवडून आला. फिलिपाइन्समधील लढाईत त्याने सैनिकाची चाकरी केली होती. पोलिसाची मात्र कधीच नाही. विद्यापीठाची पायरीही तो चढला नव्हता. अशा मनुष्याने १९०८ साली आपल्या शिपायांसाठी शाळा काढिली आणि कायदा, पुरावा, तपास हे विषय तेथे शिकविले जाऊ लागले. १९०९ साली मार्शलचे निर्वाचित पद जाऊन तो नेमलेला पोलीसप्रमुख झाला. १९१६ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठातही पोलिसी विषयांचे वर्ग भरू लागले. ज्याला स्वतःला कोणी शिकविले नाही, त्यानेच शिक्षणाची परंपरा घातली.

१९५९ साली त्या राज्याने पोलिसांच्या निवडीची व शिक्षणाची किमान मानके ठरविण्याकरिता आयोग स्थापन केला. शेरिफपदाच्या उमेदवारासही पुढे कायद्याने पात्रता लावली गेली. त्याजपाशी या आयोगाचे प्रगत प्रमाणपत्र असावे, नाहीतर शिक्षण व अनुभव यांची सांगड असावी: पदव्युत्तर शिक्षण असल्यास पोलिसी कामाचा एक वर्षाचा अनुभव पुरतो, पदवीधरास दोन वर्षांचा लागतो, आणि केवळ शालान्त शिक्षण असल्यास चार वर्षांचा. १ जानेवारी १९८९ रोजी जे पदावर होते, त्यांस मात्र ही अट लागू केली नाही.

यावर आक्षेप निघतो की, कोणास निवडावे हे लोकांनी ठरवावे. कायद्याने आड का यावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अट अवास्तव कडक झाली, तर सामान्य घरातला होतकरू मनुष्य दाराबाहेरच राहील, आणि व्होल्मरसारखा टपालवाला पुन्हा निवडून येणार नाही. म्हणूनच अल्प शिक्षण असलेल्यास अधिक अनुभवाची वाट मोकळी ठेवणारी ही योजना विचारार्ह आहे. शिवाय, चुकीच्या अटकेचे दुःख मत न दिलेल्यासही भोगावे लागते. त्याचा विचार मतपेटी करीत नाही.

वतनाने पद मिळते, मतांनीही मिळते. पात्रता मात्र ज्याची त्यानेच मिळवावी लागते. आपल्या घरांतील जे तरुण-तरुणी उद्या लोकसेवेच्या पदावर जातील, त्यांनी सत्काराच्या हारांआधी कायद्याचे पुस्तक हाती घ्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते.