दात्रकोशिका नेत्रविकार व जालपटलाचे प्रतिमाचित्रण

दात्रकोशिका पांडुरोग (सिकलसेल) या आनुवंशिक रक्तविकारात डोळ्याच्या जालपटलातील (मागील प्रकाशग्राही पडद्यातील) सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडून जे बदल होतात, त्यांस दात्रकोशिका नेत्रविकार म्हणतात. ऑक्सिजन कमी पडला की सदोष हीमोग्लोबिनामुळे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि वाहिन्यांत अडकतात. जालपटलात हा अडथळा प्रथम कडेला, विशेषतः कानाकडील बाजूस, निर्माण होतो. मध्यभागीचा पीतबिंदू बहुधा बराच काळ शाबूत राहतो. त्यामुळे विकार वाढत असतानाही रोग्याला अक्षरतक्त्याची शेवटची ओळ वाचता येते. या विकाराचा इतिहास म्हणूनच मुख्यतः ही कड पाहण्याच्या साधनांचा इतिहास आहे.

जिवंत माणसाचे जालपटल पाहण्याचे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये तयार केले. १८८६ मध्ये जॅकमन व वेब्स्टर यांनी त्याचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी रोग्याला सु. अडीच मिनिटे निश्चल बसावे लागले होते. दात्रकोशिकांचे पहिले वर्णन शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले, तर दोष हीमोग्लोबिनाच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. नेत्रविकारापुरते पाहता खरी कलाटणी १९६१ मध्ये मिळाली. नोव्हॉट्नी व ॲल्विस या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिरेतून फ्लुओरेसीन रंजक टोचून ते जालपटलातून वाहत असताना लागोपाठ छायाचित्रे घेण्याची पद्धती प्रसिद्ध केली. रक्त कोठे पोहोचत नाही आणि कोणत्या वाहिनीतून ते पाझरते, हे तीमुळे प्रथमच स्पष्ट दिसू लागले.

या पद्धतीच्या साहाय्याने मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये विकाराच्या पाच अवस्था ठरविल्या व त्या आजही मानल्या जातात. प्रथम कडेच्या रोहिणी बंद पडतात. नंतर रोहिणी व नीला यांच्यात आडजोड निर्माण होते. तिसऱ्या अवस्थेत नाजूक नव्या वाहिन्यांचे जाळे उगवते. समुद्रातील पंख्याच्या आकाराच्या प्रवाळासारखे ते दिसत असल्याने त्यास ‘सागरपंखा’ म्हणतात. चौथ्या अवस्थेत या वाहिन्या फुटून डोळ्यातील काचाभ द्रवात रक्तस्राव होतो व पाचव्या अवस्थेत जालपटल सुटते. रोग्याची तक्रार बहुधा चौथ्या अवस्थेत सुरू होते. मात्र प्रत्येक सागरपंखा घातक नसतो. कित्येक आपोआप रक्त तुटून सुकतात. म्हणून दिसताक्षणी लेसर किरणांनी दहन करणे योग्य नव्हे. दोन वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवून वाढ होते की नाही हे पाहणे, हाच निर्णयाचा विश्वसनीय आधार होय.

नेहमीचा जालपटल-कॅमेरा एका वेळी सु. ३० ते ५० अंशांचेच क्षेत्र टिपतो. मधुमेहाच्या तपासणीस ते बव्हंशी पुरते, येथे पुरत नाही. सु. २०० अंशांचे क्षेत्र एकाच चित्रात घेणारी अतिविस्तृत क्षेत्राची उपकरणे एकविसाव्या शतकात प्रचारात आली. १९९१ मध्ये वर्णिलेल्या प्रकाशीय संसक्तता छेदचित्रणाने (ओसीटी) जालपटलाचे थर मोजता येतात. दृष्टी चांगली असतानाही पीतबिंदूच्या कानाकडील भागाची जाडी घटलेली त्यात आढळते.

भारतात हा रक्तविकार १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. महाराष्ट्रातील सर्वेक्षणाचे मोठे श्रेय पुण्याचे सुदाम काटे (पद्मश्री २०१९) यांना द्यावे लागते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान इ. समाजांत वाहकांचे प्रमाण बरेच आहे. सह्याद्रीतील महादेव कोळी, ठाकर यांच्यात ते कमी आहे. भारतीय रोग्यांत गर्भीय हीमोग्लोबिन अधिक असल्याने रोग पुष्कळदा सौम्य असतो. शिवाय नव्या वाहिन्यांची वाढ ज्या संमिश्र प्रकारात (एससी) सर्वाधिक होते, तो येथे विरळ आहे. पण सौम्य रोग म्हणजे निर्धोक डोळा, असे समीकरण मांडता येत नाही.

प्रमाण कमी असणे हीच जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अडचण आहे. विकार क्वचित आढळत असल्याने तो सहसा लक्षात येत नाही. माळशेजच्या बाजूच्या वाड्यांतील रोगी ओतूरमार्गे पुणे-नाशिक व कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते जेथे मिळतात त्या आळेफाट्यावर येतो. जवळच नारायणगाव येथे मनोहर डोळे (पद्मश्री २०२४) यांनी नेत्ररुग्णालय उभारले. परंतु ग्रामीण भागात नेत्रतपासणी म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हणजे वृद्ध, असा संकेत रूढ आहे. दात्रकोशिका नेत्रविकार तरुणांना होतो. त्यांचे भिंग स्वच्छ असते आणि शिबिराला जाण्याचे त्यांना कारण दिसत नाही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सु. ७ कोटी लोकांची रक्तचाचणी योजिली आहे. रक्तचाचणीने रोगी ओळखला जातो. त्याचे जालपटल कोणत्या अवस्थेत आहे हे तीवरून कळत नाही. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१४ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षापासून बाहुली विस्फारून तपासणी करावी व जालपटल निर्दोष असल्यास ती दर एक ते दोन वर्षांनी पुन्हा करावी, अशी शिफारस केली. हातात धरावयाचे कॅमेरे आता स्वस्त झाले आहेत. तथापि त्यांचे क्षेत्र अरुंद असल्याने त्यांतील निर्दोष चित्र हा कड निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. अतिविस्तृत क्षेत्राचे उपकरण नसेल तेथे बाहुली विस्फारून अप्रत्यक्ष नेत्रदर्शकाने कडेपर्यंत पाहणे व दिसलेले आकृती काढून नोंदविणे आवश्यक ठरते.